वेळ कमी, अंतर जास्त

माझ्या बाबांनी चौतीस वर्षं लोखंडाचे एक्स-रे काढले. आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहरातल्या रांझी भागातल्या फॅक्टरीत ओतून तयार झालेले जड भाग त्यांच्या सेक्शनला यायचे. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या त्या लोखंडात आत कुठे पोकळी राहिली आहे का, बारीक चीर आहे का, हे डोळ्यांना कळत नसे. बाबा त्याचे फोटो काढायचे, फिल्म धुवायचे, उजेडाच्या पेटीवर ठेवून निरखायचे आणि कागदावर एकच शब्द लिहायचे, पास किंवा रिजेक्ट. फार जाड भागांना साधं मशीन पुरत नसे. त्यासाठी शिशाच्या डब्यात बंद केलेला, आपोआप किरणं सोडणारा कोबाल्ट होता. त्या डब्याबद्दल ते घरी बोलत नसत.

नोकरीला लागताना त्यांना तीन गोष्टी शिकवल्या होत्या. किरणांजवळ वेळ कमी घालवायचा, अंतर जास्त ठेवायचं आणि मध्ये शिसं ठेवायचं. बाबांनी ते इतकं मनावर घेतलं की सेक्शनमध्ये नव्याने आलेल्यांना तेच शिकवत. अंगावर किती किरणं पडली ते टिपणारा छातीवरचा बॅज दर तीन महिन्यांनी तपासायला जायचा आणि त्यावरचा आकडा नेहमी क्षुल्लक असायचा. तरी त्यांच्याच सेक्शनमधले एक काका रक्ताच्या कॅन्सरने गेले, तेव्हा बाबा आठ दिवस धड जेवले नाहीत. त्या काकांच्या बॅजचे आकडेही तसेच क्षुल्लक होते. डॉक्टरांनी सांगितलं की हा आजार कुणालाही होतो, कशाने झाला ते सांगता येणार नाही. बाबांना मात्र वाटायचं, कशाने झाला ते आपल्याला पक्कं माहीत आहे.

मग घरात नियम झाला. आमच्या घरी कुणी एक्स-रे काढायचा नाही.

मी अकरा वर्षांची असताना सायकलवरून पडले आणि उजवं मनगट सुजून टम्म झालं. बाबा मला दवाखान्यात घेऊन गेले, पण एक्स-रेच्या खोलीच्या दाराशी थांबले. मशीन किती जुनं आहे, पोटावर शिशाचा एप्रन द्याल का, असं विचारत राहिले. आतला माणूस वैतागून म्हणाला, "भैया, कराना है तो कराओ, पीछे लाइन लगी है." बाबांनी मला उचललं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, गढा भागात, एका हाड बसवणाऱ्याकडे नेलं. त्याने तेल लावून, बांबूच्या कामट्या बांधून हात बसवला. तो थोडा वाकडाच बसला. मी त्याच हाताने फळ्यावर लिहिते.

लहानपणी मला बाबांचा राग आला नाही, उलट अभिमान वाटायचा. कॉलनीतले लोक त्यांना विचारायला यायचे. नातवाच्या डोक्याला लागलंय, स्कॅन करू का? सुनेला दिवस गेलेत, दाताचा एक्स-रे सांगितलाय, चालेल का? बाबा खुर्ची पुढे ओढून बसायचे आणि शांतपणे समजावायचे की ही किरणं दिसत नाहीत, त्यांना वास नाही, पण शरीर त्यांचा हिशोब ठेवतं. करोनाच्या दिवसांत तर सीटी स्कॅनने कॅन्सर होतो असे मेसेज सगळ्यांच्या फोनवर फिरत होते. लोक ते बाबांना दाखवायचे आणि बाबा मान हलवायचे. ज्याने आयुष्यभर हेच काम केलं त्याने मान हलवली, म्हटल्यावर पुढे कोण काय बोलणार?

मी तोवर राइट टाउनमधल्या एका शाळेत भौतिकशास्त्र शिकवायला लागले होते. लग्न झालं होतं, मुलगी झाली होती. एक्स-रेचा धडा मी दर वर्षी शिकवायचे. किती किरणांनी काय होतं, आपल्या अंगावर मातीतून आणि आकाशातून रोज किती येतात, हे मुलांना उदाहरणं देऊन सांगायचे. रविवारी रांझीला गेले की मात्र त्या विषयावर गप्प बसायचे. बाबांशी वाद घालायची आमच्या घरात कुणाला सवय नव्हती.

करोना ओसरल्यानंतरच्या वर्षी आईला डाव्या छातीत काहीतरी जड वाटायला लागलं. ती अठ्ठावन्न वर्षांची होती. मी तिला आमच्या घराजवळच्या लेडी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, बराच वेळ बोटं एका जागी फिरवली आणि चिठ्ठीवर मॅमोग्राफी लिहिली. "घबराइए मत, पर करवा लीजिए," एवढंच त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी बाबांनी ती चिठ्ठी चष्मा लावून दोनदा वाचली.

"हे काय असते, माहीत आहे ना तुले?" त्यांनी मला विचारलं. "छाती दोन पाट्यांत दाबतात आणि किरणं सोडतात. जिथं काही नाही तिथं होऊन जाईल."

"बाबा, फार थोडी असतात," मी म्हटलं. "तुमच्या सेक्शनमधल्याच्या मानाने काहीच नाही."

"थोडी म्हणजे किती? आणि माझ्या सेक्शनमध्ये माणूस भिंतीआड असते. इथं माणूसच प्लेटवर ठेवून राहिले."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पदराला हात पुसत म्हणाली, "मले दुखत नाई. जड वाटते, बस. राहू द्या ना."

मी आणखी काही बोलले नाही. हे मला नीट आठवतं, कारण नंतर मी त्या संध्याकाळपाशी शंभर वेळा परत गेले आहे. मला गणित माहीत होतं. मी ते कागदावर मांडून दाखवू शकले असते, आईला एकटीला गाडीवर बसवून नेऊ शकले असते, बाबांना न सांगताही नेता आलं असतं. दुसऱ्या दिवसापासून शाळेत परीक्षा होत्या आणि पेपरांचा गठ्ठा तपासायचा होता. खरं सांगायचं तर बाबांनी नाही म्हटल्यावर मला थोडं हलकं वाटलं, की चला, आता ठरवणं माझ्याकडे नाही.

तोडगा निघाला सोनोग्राफीचा. त्यात किरणं नसतात, बाबांना ते मान्य होतं. ते स्वतः आईला घेऊन गेले. रिपोर्ट इंग्रजीत होता. संशय घ्यावा अशी गाठ दिसत नाही, असं लिहिलं होतं, आणि खाली शेवटच्या ओळीत, मॅमोग्राफी करून पडताळून पाहावं. बाबांनी मला फोन केला. "क्लिअर आहे," ते म्हणाले. आवाजात इतका आनंद होता की मी रिपोर्ट पाहायला मागितलाच नाही. शेवटची ओळ मी दीड वर्षाने वाचली.

त्या दीड वर्षात आई आम्हाला नेहमीसारखीच दिसली. कुरड्या घातल्या, माझ्या मुलीला फ्रॉक शिवले, विहारात रविवारच्या वंदनेला जात राहिली. मग तिची पाठ दुखायला लागली. आधी वाटलं, बादल्या उचलून. बाबा तिच्या पाठीला तिळाचं तेल चोळून द्यायचे. कॅल्शियमच्या गोळ्या आणल्या. गल्लीतल्या डॉक्टरांनी पाठीचा एक्स-रे सांगितला, तो अर्थातच झाला नाही. चार महिने असेच गेले. शेवटी शेवटी ती कुशीवर वळताना ओठ दाबून धरायची आणि विचारलं तर म्हणायची, "वय झालं आता."

दिवाळीत ती माझ्याकडे राहायला आली होती. साडी बदलताना तिने मला हाक मारली. मी खोलीत गेले तर ती पाठमोरी उभी होती, आणि मग हळूच वळली.

"हे पाय जरा," ती म्हणाली. "असं काहून झालं असेल?"

डाव्या स्तनाचं टोक आत ओढलं गेलं होतं आणि भोवतीची कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली होती. मी कधी पाहिलं नव्हतं, तरी मला कळलं. मी विचारलं, कधीपासून आहे. तिने बोटांवर महिने मोजले आणि मोजता मोजता थांबली.

"यांना सांगितलं नाई," ती म्हणाली. "घाबरतात ते. मग उगाच त्या मशीनचं निघालं असतं."

पुढचं सगळं झपाट्याने झालं. सुईने तुकडा काढला, तपासला, कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी सांगितलं की पाठदुखीही त्याचीच असू शकते, हाडांचा स्कॅन करून या, नागपूरला होईल. या खेपेला बाबांनी काहीच विचारलं नाही. पहाटे उठून ते आईची पिशवी भरत होते, त्यात पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, तिची शाल.

नागपूरला आईच्या शिरेत औषध टोचलं. त्या औषधातूनच किरणं निघतात, ते हाडांत जाऊन बसतं आणि मशीन बाहेरून त्याचा फोटो काढतं. तीन तास थांबून स्कॅन झाला. बाहेर आल्यावर तिथल्या माणसाने समजावलं, "आज का दिन छोटे बच्चों से और गर्भवती महिलाओं से थोड़ा दूर रखिए. गोद में बच्चा मत देना. पानी खूब पिलाइए." माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. तिला मी शेजारी ठेवून आले होते.

परतताना गाडी माझे मिस्टर चालवत होते, मी पुढे, आईबाबा मागे. आईने बाबांना दाराकडे सरकायला सांगितलं.

"तुमी तिकडं सरका जरा. त्यानं दूर राहाले सांगितलं."

"लेकरांचं सांगितलं त्यानं," बाबा म्हणाले.

"तुमीच म्हणता ना, अंतर ठेवा म्हणून."

बाबा जागचे हलले नाहीत, उलट शाल तिच्या पाठीमागून घेऊन तिचं डोकं आपल्या खांद्यावर ठेवलं. सिवनीच्या अलीकडे घाटात अंधारलं. मी आरशात पाहिलं तेव्हा आई झोपली होती आणि बाबा डोळे उघडे ठेवून तसेच बसले होते. पाच-साडेपाच तासांचा रस्ता आहे. त्यांनी हातसुद्धा बदलला नाही.

रिपोर्टबरोबर चित्रं होती. पांढऱ्या कागदावर आईचा सांगाडा आणि मणक्यांत, कमरेत, बरगड्यांत काळे ठिपके. बाबांनी ती खिडकीशी नेऊन, उजेडासमोर धरून पाहिली. आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं. त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. कागद खाली ठेवून ते अंगणात गेले आणि बराच वेळ नळ सुरू असल्याचा आवाज येत राहिला.

गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर स्पष्ट बोलले की आता बरं करण्याचे उपचार नाहीत, दुखणं कमी करण्याचे आहेत. मणक्यांसाठी दहा दिवस सिकाई घ्यावी लागेल. आमच्याकडे किरणांच्या उपचाराला सगळे सिकाईच म्हणतात, जसं काही गरम पाण्याच्या पिशवीने शेकायचं आहे. गढ्याकडच्या सरकारी दवाखान्यात नंबर लागला. बाबांनी सांगितलं की रोज मीच नेईन. पहिल्या दिवशी मी सुट्टी घेऊन सोबत गेले.

जाड दरवाजाची खोली होती. दारावर पिवळ्या पाटीत ते तीन पात्यांचं चिन्ह. शेजारच्या बाकांवर माणसं फायली मांडीवर घेऊन बसलेली. आईला आत नेलं, तेव्हा बाबांनी मशीन चालवणाऱ्याला विचारलं, "कोबाल्ट है?"

"जी, कोबाल्ट."

"सोर्स कब बदला था?"

त्या माणसाने बाबांकडे नीट पाहिलं. "आप इसी लाइन में थे क्या?"

"लोहे का करता था," बाबा म्हणाले.

त्याने नमस्कार केला. मग दरवाजा बंद झाला आणि वरचा लाल दिवा लागला. सगळे बसलेले होते, बाबा उभेच राहिले, दरवाजापासून दोन हातांवर. मी त्यांना बसा म्हटलं. ते मनातल्या मनात काहीतरी मोजत होते, बहुतेक सेकंद.

आई बाहेर आली ती चपला शोधत. बाबांनी वाकून तिच्या पायांपुढे चपला सरकवल्या.

"झालं?"

"झालं म्हणे. मले तर काहीच कळलं नाई. दिवा लागला, घर्र आवाज आला, बंद झाला." तिने एका हाताने त्यांचा खांदा धरला आणि चपला घातल्या. मग म्हणाली, "याचीच भीती होती काय तुमाले?"

तिने ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. किरणं सोडणाऱ्या मशीनच्या खोलीत ती आयुष्यात पहिल्यांदाच गेली होती आणि तिला खरंच नवल वाटलं होतं. बाबा खाली वाकलेलेच राहिले, तिच्या चपलेचा पट्टा सारखा करत, जो सारखाच होता.

दहा दिवसांनी पाठदुखी बरीच कमी झाली. आई पुन्हा स्वयंपाकघरात उभी राहून पोळ्या लाटायला लागली. आम्हाला थोडी आशा वाटली, डॉक्टरांना वाटली नव्हती. उन्हाळ्यात आजार यकृतात गेला. जूनच्या शेवटी, भर दुपारी, बाबा तिला चमच्याने नारळपाणी पाजत असताना ती गेली. त्यांना लगेच कळलं नाही. त्यांनी आणखी दोन चमचे पुढे केले.

जलदान विधी झाल्यावर पाहुणे गेले. पंधरा दिवसांनी बाबा एकटेच बसने राइट टाउनला आले. पिशवीत फाइल होती. ते म्हणाले, मला त्या पहिल्या डॉक्टरांकडे घेऊन चल.

डॉक्टरांनी आईबद्दल ऐकलं होतं. बाबांनी टेबलावर आधी त्यांचीच जुनी चिठ्ठी ठेवली, मग सोनोग्राफीचा रिपोर्ट, मग नागपूरची चित्रं. तारखेप्रमाणे लावून.

"मैडम, मुझे सिर्फ इतना बताइए," ते म्हणाले. "उस समय करा लेते, तो दिखता?"

डॉक्टरांनी सोनोग्राफीचा रिपोर्ट उचलून वाचला. "काका, शायद दिखता. मैं पक्का नहीं कह सकती."

"दिखता तो बच जाती?"

"उम्मीद ज़्यादा होती. इससे ज़्यादा बोलूँगी तो झूठ होगा."

"हमारे यहाँ या तो पास लिखते थे या रिजेक्ट," बाबा म्हणाले. "शायद नहीं लिखते थे."

बाबांनी कागद त्याच क्रमाने फाइलमध्ये ठेवले, त्यांचे आभार मानले आणि आम्ही बाहेर आलो.

रिक्षा मिळेपर्यंत फुटपाथवर उभे होतो. मी म्हटलं, "बाबा, मला तेव्हाच माहीत होतं. त्यात धोका नव्हता. मी मुलांना शिकवते ते. मी तुमच्याशी भांडायला हवं होतं."

"मी ऐकलं नसतं."

"तरी भांडायला हवं होतं."

त्यांनी थोडा विचार केला. "हो," ते म्हणाले. "हवं होतं."

ते खोटं बोलून मला सोडवतील असं मला वाटलं होतं. तसं त्यांनी केलं नाही, आणि मला आजही वाटतं की तेच बरोबर होतं. तरी त्या "हो"ने मला पुढचे कितीतरी महिने झोप लागू दिली नाही. आम्ही रिक्षात बसलो. रांझीला उतरताना त्यांनी माझ्या मुलीसाठी आणलेली चिक्की माझ्या हातात दिली, जी ते द्यायला विसरले होते.

नंतरच्या हिवाळ्यात त्याच डॉक्टरांनी मला सांगितलं की आईला झालं आहे, तुम्ही चाळिशी ओलांडली आहे, दर वर्षी तपासून घ्या. मी हो म्हटलं, आणि चिठ्ठी पर्समध्ये सात आठवडे पडून राहिली. मला स्वतःचं आश्चर्य वाटलं. आईचं सगळं डोळ्यांदेखत पाहिलं होतं, वर्गात आकडे तोंडपाठ सांगत होते, आणि तरी त्या सेंटरच्या दाराशी गेल्यावर आत जाववेना. मला बाबांचा शांत, समजावणारा आवाज ऐकू येत होता. शरीर हिशोब ठेवतं. एकदा मी दारावरून परत आले. मिस्टरांना सांगितलं, गर्दी होती.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा आतल्या मुलीने खांदे ढिले सोडायला सांगितलं. मला ते जमेना. पाटी दाबली गेली, दुखलं, तिने श्वास रोखायला सांगितला, आणि तेवढ्या वेळात मला बोटांवर महिने मोजणारी आई दिसली. मी रडले. मशीनवरच्या त्या मुलीला वाटलं जास्त दाबलं गेलं. ती सॉरी दीदी, सॉरी दीदी म्हणत राहिली.

रिपोर्ट स्वच्छ निघाला. या वेळी मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

रविवारी रांझीला गेले तेव्हा बाबांना सांगितलं. ते बाजेवर बसून शेंगा सोलत होते. त्यांनी विचारलं, दोन्ही बाजूंचे काढले का, किती प्लेट झाल्या, रिपोर्ट कुणी वाचला. मी सगळं सांगितलं. त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली होती आणि मला दिसत होतं की आकडे ऐकताना ते अजूनही घाबरत आहेत.

"पुढच्या वर्षी कधी?" त्यांनी विचारलं.

मी महिना सांगितला. ते उठले, चष्मा शोधला आणि खूण करून ठेवायला भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटायला लागले. ते चालू वर्षाचं होतं, त्यात पुढच्या वर्षाचा तो महिना नव्हता. शेवटचं पान उलटल्यावर त्यांनी कॅलेंडर पुन्हा चालू महिन्यावर आणलं, मग परत येऊन शेंगा सोलायला बसले.